सारं मिळून एकच रक्कम: असं पॅकेज घ्यावं, की आपलं आपण जावं?

वावरातली (आर्वी तालुका)
११ जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटातल्या आम्ही १४ बाया. गटाच्या बचतीशिवाय दर महिन्याले २०० रुपये वेगळे टाकून राहिलो, पाच वर्षं झाली, एका रामेश्वरासाठी. प्रत्येकीचे १२,००० जमले. यातल्या अकरा जणींनी नागपूरच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. सगळ्यात लहान मी, ४२ ची. सगळ्यात मोठ्या आमच्या काकू, ६८ च्या.

तालुक्यातल्या एका यात्रावाल्यानं ११ दिवसांचं सांगितलं. सेवाग्रामहून स्लीपरनं चेन्नई, तिथून बसनं तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी, मदुराई, अन् रेल्वेनं परत. राहणं, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, बस, सारं मिळून माणशी १५,८००. त्याचा आचारी संग राहते.

माझी भाची पुण्याले शिकते. तिनं मोबाईलवर बसून रेल्वे, धर्मशाळा, बस, जेवण जोडलं तर १२,४०० आले. माणशी ३,४०० चा फरक, म्हणजे चौदा जणींचे ४७,६००. एवढ्यात आमच्या बाजारात चार शेळ्या येतात, म्हणून विचारून राहिली.

ज्यांनी दोन्ही करून पाहिलं त्यांनी सांगजा. होळीनंतर जायचं आहे, हरभरा घरात आल्यावर.

---

तर्री_पोहा (नागपूर)
११ जानेवारी, रात्री ९:४१

ताई, अकरा दिवस चौदा बायांना आयतं ताट! ३,४०० त्याचेच समजा. माझ्या आईला आत्ता विचारलं, ती म्हणते स्वयंपाक करायचा नसेल तर मी रामेश्वर काय, लंकेपर्यंत येते.

---

संत्राबाग (वरूड)
११ जानेवारी, रात्री १०:१५

माझं मत विरोधात आहे, रोखठोक सांगतो.

पॅकेजवाला म्हणजे मधला माणूस. आम्ही संत्र्यावाले मधला माणूस जन्मभर पाहून राहिलो. बाग झाडावर असतानाच येते, डोळ्यानं अंदाज घेते, उक्ता सौदा करते, अन् नफा त्याच्या घरी. इथंही तेच. रेल्वे सरकारची, धर्मशाळा दुसऱ्याची, देव सगळ्यांचा. यानं फक्त जोडून दिलं अन् वरचे ३,४०० खिशात घातले.

मी २०१९ मध्ये बायको-पोरांसंग जगन्नाथपुरीले गेलो. नागपूरहून थेट पुरी एक्स्प्रेस, तिथं यात्री निवास, अन् जेवण मंदिरातल्या आनंदबाजारात महाप्रसादाचं. मातीच्या मडक्यातला भात-डाळ, पोटभर. कोणाचं पॅकेज लागलं नाही. ताई, तुमची भाची शिकलेली आहे, तिच्यावर भरोसा ठेवा.

---

निवृत्त_गुरुजी (पुसद)
१२ जानेवारी, सकाळी ६:५०

वावरातली ताई, मला खर्च वहीत लिहायची सवय आहे, म्हणून तुमच्या कामी येईल असं सांगतो.

२०१८ मध्ये मी, सौ. आणि माझी मेव्हणी असे तिघे स्वतः जुळवून रामेश्वर-कन्याकुमारीला गेलो. निघताना वहीत माणशी ११,००० मांडले होते. परतल्यावर बेरीज आली १४,७५०. वाढलेले पैसे कशात गेले ते बघा. स्टेशन ते धर्मशाळा, धर्मशाळा ते मंदिर, मंदिर ते बसस्थानक, प्रत्येक गावात ऑटो. भाषा येत नाही म्हणून घासाघीस नाही. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तो बाहेर ठेवायचे पैसे वेगळे. रामेश्वरात बावीस तीर्थांच्या स्नानाचं तिकीट. कन्याकुमारीला विवेकानंद स्मारकावर जायच्या बोटीचं तिकीट. सगळ्यात मोठा फटका परतीच्या प्रवासाचा: तिकीट वेटिंगवरच राहिलं, चेन्नईत एक रात्र जास्तीची, आणि मग तत्काळ.

यातला एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता. तरी अंदाजात तो नव्हता, कारण अंदाज आपण घरी बसून करतो आणि ऑटो त्या गावात लागतो.

तुमच्या भाचीला दोन-तीन गोष्टी तपासायला सांगा. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिने ती धरली असेल तर बेरीज चुकेल. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच सुटतं, पूर्वीसारखं १२० नाही. म्हणजे होळीनंतरची तिकिटं याच महिन्यात पाहावी लागतील. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, तर तुमची किमान तीन तिकिटं, कदाचित तीन वेगळ्या डब्यांत. आणि ४५ वर्षांवरच्या महिलांना जो खालच्या बर्थचा कोटा मिळतो तो तिकिटावर एक किंवा दोनच जणी असल्या तर. ६८ वर्षांच्या काकूंना वरच्या बर्थवर चढवायचं नसेल तर त्यांचं तिकीट वेगळं काढा.

---

वावरातली
१२ जानेवारी, दुपारी १:०५

गुरुजी, नमस्कार. तुमचं वाचून भाचीले फोन लावला. तिनं ऑटो धरलाच नव्हता. बावीस तीर्थंही नाही.

संत्राबाग भाऊ, तुमचं मधल्या माणसाचं म्हणणं मले पटते. त्यासाठीच जीव अडकून आहे.

---

लेक_माहेराची (माहेर दिग्रस, सध्या पिंपरी)
१२ जानेवारी, दुपारी ३:३०

मी माझ्या आईचं सांगते.

तीन वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन आम्ही कोकणात गेलो, आपली गाडी, हॉटेल ठरवत ठरवत. जेवायला बसलं की आई विचारायची, "हे ताट केवढ्याले?" मी १८० म्हटलं की म्हणायची, "मले भूकच नाही, तुम्ही घ्या." चार दिवस तिने भूक नाही म्हणून काढले. रात्री खोलीत घरून आणलेल्या डब्यातल्या दशम्या खायची. पैसे मी देत होते, तरी तिच्या हातून घास उचलला जाईना.

पुढच्या वर्षी तिला तिच्या बहिणींसोबत एका यात्रा कंपनीच्या बसने अष्टविनायकाला पाठवलं, सगळं धरून. पैसे निघायच्या आधीच भरलेले. परत आल्यावर मावशी सांगत होती, "तुझ्या मायनं ओझरले दोन वेळा शिरा मागून घेतला."

मला तेव्हा कळलं की आईला पैसे जास्त लागल्याचं दुःख नव्हतं. प्रत्येक घासाला किंमत चिकटलेली असायची, त्याचं होतं. एकदाच भरून टाकले की ते ताट तिचं होतं.

---

तर्री_पोहा
१२ जानेवारी, दुपारी ३:५२

ताई, हे वाचून आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली.

---

एसटीची_घंटी (बुलढाणा जिल्हा)
१२ जानेवारी, रात्री ८:१०

कंडक्टर आहे, म्हणून माझ्या बाजूनं सांगतो.

महाराष्ट्राच्या आत फिरायचं असेल तर बायांच्या गटानं पॅकेजच्या नादी लागूच नये. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत. तुम्ही चौदा जणी शेगावले गेल्या, गजानन महाराजांच्या संस्थानच्या भक्तनिवासात राहिल्या, महाप्रसाद घेतला, तर जो खर्च येईल त्याच्या आसपास कोणताच यात्रावाला येऊ शकत नाही. तिथून लोणार करा, सिंदखेडराजा करा. माहूर करा. आषाढीले तर ४० जण जमले की थेट गावातून पंढरपूरची गाडी मिळते, अन् त्यातही बायांची सवलत लागू राहते.

अन् एसटीचं स्वतःचं सारं-मिळून तिकीट आहे, "आवडेल तेथे प्रवास". चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढा अन् फिरा. फक्त त्यात जेवण अन् निजणं नाही.

पण राज्याची हद्द ओलांडली की ही सवलत संपते. म्हणून रामेश्वराले मी पॅकेज म्हणतो, शेगावले एसटी म्हणतो.

---

संत्राबाग
१२ जानेवारी, रात्री ८:४४

घंटीभाऊ शंभर टक्के बरोबर. आमच्या इकडून चिखलदऱ्याले दोन दिवसांचं पॅकेज विकतात लोक. परतवाड्यापर्यंत एसटी, वर एसटी, देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड पाहायले एक जीप वाटून घ्या. पॅकेज कायले पाह्यजे?

---

गोव्यातला_वऱ्हाडी (मूळ कारंजा लाड)
१३ जानेवारी, रात्री १२:२०

ड्युटी संपवून लिहितोय. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला नऊ वर्षं झाली. तीर्थयात्रेचं मला कळत नाही, पण "सगळं धरून" हा शब्द आमच्या धंद्यात कसा वापरतात ते सांगतो, कारण यात लोक फसतात.

हॉटेलच्या दराला चार नावं आहेत. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे खोली, नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. आपल्याकडे जाहिरातीत ऑल इन्क्लुझिव्ह लिहिलेलं असतं ते पुष्कळदा एपीच असतं. खऱ्या ऑल इन्क्लुझिव्हमध्ये पिणं, मधल्या वेळचं खाणं, खेळ, पोहणं, सगळंच आलं. ही पद्धत रुजवली क्लब मेड या फ्रेंच पर्यटन कंपनीने. १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर जेरार ब्लिट्झ नावाच्या माणसाने पहिला मुक्काम टाकला, तोही तंबूंचा. युद्धानंतर हात आखडलेल्या सामान्य माणसाला समुद्रकिनारी सुट्टी मिळावी म्हणून. म्हणजे मुळात ही कल्पना मोजून खर्च करणाऱ्यांचीच.

हॉटेलला हे परवडतं कारण किती ताटं लागणार ते आदल्या दिवशी माहीत असतं. भाजी ठोक येते, वाया कमी जातं. पाहुण्याला परवडतं कारण हिशेब आधी कळतो. पण एक मेख आहे. दर सरासरीवर काढलेला असतो, त्यामुळे कमी खाणारा माणूस जास्त खाणाऱ्याचे पैसे भरतो. ज्या पॅकेजात दारू धरलेली असते ते न पिणाऱ्याने कधी घेऊ नये. आणि तुमच्या चौदा जणींमध्ये सोमवार, एकादशी, चतुर्थी धरणाऱ्या किती? त्या दिवशी फराळ मिळणार का, की नुसता चहा? हे आधी विचारा.

पावसाळ्यात गोव्यात दर बरेच उतरतात, पण तेव्हा तुमच्याकडे निंदण-डवरणी असते हे मला माहीत आहे. घरी तेव्हा मलाच सुट्टी मागतात.

---

धानाचे_गाव (गोंदिया जिल्हा)
१३ जानेवारी, सकाळी ९:१५

मी आईवडिलांना आयआरसीटीसीच्या भारत गौरव रेल्वेने ज्योतिर्लिंगाच्या यात्रेला नेलं होतं. त्या दरात रेल्वे, शाकाहारी जेवण, राहणं, गावातली बस, सोबतचा मार्गदर्शक, प्रवास विमा सगळं येतं. या गाड्यांच्या भाड्यात रेल्वेने सुमारे ३३ टक्के सूट दिलेली असते, म्हणून दर बराच आटोक्यात राहतो. स्लीपर, थर्ड एसी, सेकंड एसी असे वर्ग असतात.

व्यवस्था चांगली होती. डब्यात स्वच्छता होती, जेवण वेळेवर. पण एक शब्द आम्हाला आधी कळला नव्हता: "वॉश अँड चेंज". आम्ही समजलो प्रत्येक गावात मुक्काम. तसं नसतं. काही रात्री गाडीतच झोपायचं आणि सकाळी एका खोलीत सहा-सात जणांनी आंघोळ उरकून दर्शनाला निघायचं. ते पत्रकात लिहिलेलं होतं, आम्हीच वाचलं नाही. बाबांच्या गुडघ्याला त्रास झाला.

म्हणून ताई, यात्रावाल्याला विचारा की ११ दिवसांत किती रात्री खोलीत, किती रात्री रेल्वेत आणि किती रात्री बसमध्ये. रात्रीचा बस प्रवास म्हणजे त्याची खोली वाचली.

---

पुडाची_वडी (अमरावती)
१३ जानेवारी, सकाळी ११:३०

आचारी संग राहते म्हणता, मग त्याले पहिल्याच दिवशी सांगून ठेवजा की सांबार म्हणजे कोथिंबीर. माझ्या सासूबाईंनी मदुराईत वाढप्याले सांगितलं, "भाजीवर थोडा सांबार टाक जी." त्यानं भातावर, भाजीवर, पापडावर, सगळ्यावर पळीभर सांबार ओतला. सासूबाई तोंड पाहतच राहिल्या. आजही कोथिंबीर निवडताना घरात सगळे हसतात.

---

तर्री_पोहा
१३ जानेवारी, सकाळी ११:३८

पापडावर सांबार!! 😂

पण खरं सांगतो, चौथ्या दिवशी भाकरीची आठवण येतेच. आचारी सोबत असणं ही त्या ३,४०० मधली सर्वात मोठी गोष्ट आहे. रामेश्वरात समुद्राच्या काठावर पिठलं-भाकर अन् हिरवी मिरची, हे धर्मशाळेत राहून नाही मिळत.

---

जंगलकाठ (मोहर्ली परिसर, चंद्रपूर)
१३ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

थोडं वेगळं बोलतो. विषय सोडून वाटलं तर माफ करा, पण पॅकेज म्हटलं की मला आमचं गाव दिसतं.

ताडोबाच्या गेटबाहेर आमची वस्ती. मोठ्या रिसॉर्टवाल्यांचं "सगळं आत" पॅकेज असतं. पाहुणा नागपूरहून गाडीत बसतो तो थेट रिसॉर्टच्या फाटकात उतरतो. खाणं आत, चहा आत, मधाची बाटलीसुद्धा आतल्याच दुकानातून. पहाटे जिप्सीत बसतो, जंगल पाहतो, परत आत. गावातल्या टपरीवर थांबायचं कारणच उरत नाही, कारण त्याने चहाचे पैसे आधीच भरलेत. वाघ आमच्या शिवारात फिरतो, गुरं आमची जातात, अन् कमाई फाटकाच्या आत राहते. पाहुण्यांचा राग नाही. पद्धतच तशी आहे.

म्हणून आम्ही घरच्या तीन खोल्या केल्या आणि तेच सारं-मिळून सुरू केलं, आमच्या पद्धतीनं. राहणं, नाश्ता, दोन जेवणं, शिवारफेरी एका दरात. जेवण माझी आई अन् वहिनी करतात: वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, मोहाचं काही असलं तर ते. सफारी आम्ही त्यात धरत नाही. प्रवेश, जिप्सी, गाईड यांचे पैसे वेगळे, आरक्षण वनविभागाचं ऑनलाइन, अन् एका जिप्सीत सहाच जण. सहा जण भरले तर माणशी कमी येते, तिघेच आले तर दुप्पट. कोणी "सफारीसहित" अमुक दर सांगितला तर किती जणांच्या हिशेबानं ते विचारा. मंगळवारी जंगल बंद असते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रही बंद, फक्त बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचं जंगल, चालू. याच दिवसांत लोकांना स्वस्त पॅकेज विकतात.

---

संत्राबाग
१३ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

जंगलकाठ भाऊ, हेच तर म्हणून राहिलो मी. पैसा मधल्याकडं जाते.

---

निवृत्त_गुरुजी
१३ जानेवारी, रात्री ९:००

संत्राबाग, तुमच्या पहिल्या पोस्टवर दोन दिवस विचार करतो आहे. तुम्ही मधल्या माणसाचा दाखला दिला तो मला अर्धा पटला.

तुम्ही बाग उक्ती का देता? तोडा, पेट्या, ट्रक, बाजार हे सगळं तुम्ही स्वतः केलं तर जास्त पैसे मिळतील हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी देता. कारण सौदा झाल्यावर गारपीट झाली, फळगळ झाली, बाजार पडला, तर ते त्याच्या अंगावर. थोडा नफा सोडून तुम्ही जोखीम विकता.

यात्रेचं पॅकेज हाच उक्ता सौदा आहे. गाडी चुकली, खोली मिळाली नाही, डिझेल वाढलं, एखाद्या गावात बंद असला, तर जास्तीचा खर्च त्याचा. मात्र एका अटीवर: त्याने तसं लिहून दिलं पाहिजे. तोंडी उक्त्याला किंमत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

माझ्या वहीतली तफावत ३,७५० ची होती. ताईंचा फरक ३,४०० चा आहे.

---

संत्राबाग
१३ जानेवारी, रात्री ९:३२

गुरुजी, उक्त्याची गोष्ट अशी फिरवून कोणी दाखवली नव्हती. गेल्या अंबिया बहाराले गारपीट झाली तेव्हा व्यापारी अर्धे पैसे बुडवून पळाला, सौदा तोंडी होता. म्हणून लिहून घ्यायचं तुमचं म्हणणं मी सगळ्यात वर ठेवतो. पुरीबद्दल मात्र मत तेच. आम्ही चौघं होतो, बायको हिंदी बोलते, पोरं मोठी. चौदा जणींचं गणित वेगळं, हे कबूल.

---

काळा_कोट (दर्यापूर)
१४ जानेवारी, सकाळी १०:४५

तिळगूळ घ्या, गोड बोला.

लिहून घेण्यावरून सांगतो. टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो. १५,८०० मध्ये तो धरला आहे की वरून, हे विचारा. वरून असेल तर ७९० रुपये वाढले. जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. निदान सही-शिक्क्याची पावती आणि त्यामागे काय काय धरलं याची यादी. रोख देऊ नका, गटाच्या खात्यातून द्या, म्हणजे पुरावा राहतो. कबूल केलेलं दिलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

अजून एक. तुमच्या गटात साठीच्या वरच्या किती? राज्याची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना २०२४ ची आहे. वय ६० च्या वर, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, तर एकदाच माणशी ३०,००० रुपयांपर्यंतचा यात्राखर्च सरकार करतं. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

---

वावरातली
१४ जानेवारी, रात्री ८:३०

तुम्हालाही तिळगूळ. साठीच्या वरच्या आमच्यात चौघी आहेत. बैठकीत विषय काढला. काकू म्हणाल्या, "फुकट गेली तर यादीतल्या लोकांसंग जाईन. मले तुमच्यासंग जायचं आहे." तिघींनी मान डोलावली. विषय तिथंच थांबला.

सगळ्यांचं मी वहीत उतरवून घेतलं आहे. रविवारी यात्रावाल्याकडे जातो, पाच जणी.

---

वाटसरू_वाशीम
१५ जानेवारी, सकाळी ७:४०

ताई, वाटेतल्या दुकानांचंही विचारा. आमची बस कांचीपुरमजवळ साड्यांच्या दुकानात तीन तास उभी होती, अन् मदुराईत अंधार पडल्यावर पोचलो. गाडीवाल्याला तिथं कमिशन असते. दर कमी असलेल्या पॅकेजात हे जास्त होते.

तिरुपतीचंही. "दर्शन समाविष्ट" म्हणजे काय? ३०० रुपयांचं विशेष प्रवेश तिकीट की मोफत रांग? आम्हाला रांगेत उभं केलं, अकरा तास लागले. ३०० चं तिकीट फार आधी ऑनलाइन सुटते, ऐन वेळी मिळत नाही. वर देवस्थानात अन्नप्रसाद मोफत असते, तर त्या दिवसाचं जेवण यात्रावाल्यानं कशात धरलं तेही पाहा.

---

गोव्यातला_वऱ्हाडी
१५ जानेवारी, रात्री १२:५५

आणि एका खोलीत किती जणी. नुसतं "राहणं समाविष्ट" याचा अर्थ हॉलमध्ये सतरंजी असाही होतो.

---

वावरातली
२३ जानेवारी, रात्री ९:५०

मंडळी, उशीर झाला. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, मजूर मिळत नाही.

आम्ही पाच जणी गेलो होतो. वही समोर ठेवली अन् एकेक विचारत गेलो. पहिले तो हसला, मग त्याचा मुलगा कागद घेऊन बसला. ११ दिवसांत १० रात्री: तीन रेल्वेत, सहा खोलीत, एक बसमध्ये. ती बसची रात्र आम्ही काढायले लावली. तो म्हणाला मग तिरुपतीच्या पुढचं एक मंदिर सुटते. सुटू द्या म्हटलं. खोलीत तो पाच जणी धरून होता, तीनवर आणलं. दुकानात थांबणं बंद. बावीस तीर्थांचं तिकीट, विवेकानंद स्मारकाची बोट, धनुष्कोडीची गाडी हे त्याच्या दरात नव्हतंच. ते आम्ही आमचं करू, तो आकडा वेगळा लिहून घेतला. तिरुपतीचं ३०० चं तिकीट मिळालं तर त्यात, नाही मिळालं तर तेवढे परत. सोमवारी उपवासवाल्यांना साबुदाणा किंवा भगर. काकूंचं तिकीट वेगळं, दोघींचं एक, खालच्या बर्थसाठी. जीएसटी धरून १५,२००. आधी माणशी ३,००० फक्त, बाकीचे रेल्वेची तिकिटं हातात आल्यावर, गटाच्या खात्यातून. कागदावर सही-शिक्का आहे.

कमी कसं झालं विचाराल तर, मंदिर एक कमी झालं अन् त्यानं धरलेल्या खोल्यांऐवजी धर्मशाळेत थेट खोल्या ठरल्या. त्यानं तोट्यात केलं नाही. त्याचा नफा त्याले आहे, अन् असायले पाह्यजे, त्याचा आचारी पहाटे चारले उठणार आहे.

भाचीनं इकडे ऑटो, मोबाईल ठेवणं, एक जास्तीची रात्र हे सारं धरून पुन्हा बेरीज केली. १४,३०० आले. म्हणजे फरक ९०० चा राहिला. तिलेच मी म्हटलं, तू संग असती तर तुझ्याच हिशेबानं गेलो असतो. तिची परीक्षा आहे.

पण खरं सांगू, बैठकीत ठरलं ते ९०० वरून नाही ठरलं. मी दोन्ही हिशेब वाचून दाखवले. काकू इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारलं, "याच्यात घरून निघाल्यावर कोणाले पैसे मागा लागते का?" मी म्हटलं, "नाही. बोट अन् तीर्थाचे तेवढे, तेही आताच बाजूले काढून ठेवू." "अन् त्या दुसऱ्या हिशेबात?" मी म्हटलं, "लागू शकते." तर म्हणाल्या, "मंग हेच. मी पंचेचाळीस वर्षं हात पसरून घेतले. बसच्या तिकिटाले, बांगड्याले, माहेरी जायाले. हे ११ दिवस मले कोणाले फोन नाही कराचा."

कोणीच काही बोललं नाही. हात वर करायचीही गरज पडली नाही.

आमच्याकडं पैसा वर्षातून एकदाच येते, सोयाबीन अन् कापसाच्या चुकाऱ्यात. तेव्हाच जे काढून ठेवलं ते आपलं. मार्चमध्ये परमुलखात आणखी पाचशे लागले तर ते कोठून आणायचे? शहरातल्या माणसाले १ तारखेले पगार येते, त्याले वाटेत वाढलेला खर्च पुढच्या महिन्यात भरून काढता येते. आमचं तसं नाही. म्हणून लेक_माहेराची ताईंनी आईचं लिहिलं ते वाचून मी थांबले होते, त्याच दिवशी मनातून अर्धं ठरलं होतं.

१२,००० जमा आहेत, ३,२०० वरचे. दोघींजवळ नाहीत, त्यांना गटातून कर्ज देऊन राहिलो.

---

निवृत्त_गुरुजी
२४ जानेवारी, सकाळी ६:३५

त्या कागदाची झेरॉक्स प्रत्येकीजवळ असू द्या. मूळ प्रत घरी ठेवा.

---

संत्राबाग
२४ जानेवारी, सकाळी ८:१०

ताई, निघायच्या आदल्या दिवशी वर्ध्याले कोणाले तरी पाठवा, मृगाची संत्री आहेत अजून. दोन कॅरेट माझ्याकडून, गाडीत खायले. हे कोणत्याच हिशेबात धरू नका.

---

लेक_माहेराची
२४ जानेवारी, दुपारी २:१५

वावरातली ताई, काल रात्री हे सगळं फोनवर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या बायांत एक जागा आहे का, विचार." तुमच्या गटातली नाही, दिग्रसची आहे, ६१ वर्षांची, चालते चांगली. विचारू की नको असं झालं होतं.

---

वावरातली
२४ जानेवारी, रात्री ८:२०

काहून नको? पंधरा झाल्या तर तीन-तीन जणींच्या पाच खोल्या बरोबर भरतात, चौदामध्ये एक खोली अर्धवट राहत होती. आईचं आधार कार्डावरचं नाव अन् वय मले वेगळ्या निरोपात पाठवा, उद्या सकाळी तो तिकिटं काढणार आहे. अन् त्यांना विचारून घ्या, सोमवार धरतात का.